मुंगसातला हंस : व्युत्पत्तीच्या साक्षीविषयी

मराठी समीक्षेत गेल्या तीन-चार दशकांत युक्तिवादाचा एक विशिष्ट प्रकार चांगलाच रुळला आहे. एखादी इंग्रजी संज्ञा घ्यायची, तिच्या पोटातून एक लॅटिन किंवा ग्रीक शब्द काढून दाखवायचा, त्याच्याशी नादाने जुळणारे आणखी दोन-तीन इंग्रजी शब्द शेजारी मांडायचे आणि या शेजारालाच नाते समजून त्यावरून साहित्याच्या, वाचनाच्या किंवा इतिहासाच्या स्वरूपाविषयी सिद्धान्त काढायचा. साहित्यकृतीपर्यंत जाण्याचे श्रम यात वाचतात. शिवाय विद्वत्तेचा भास होतो, आणि वाचकाला त्या भाषा येत नसल्याने प्रतिवादाची भीतीही उरत नाही. पदव्युत्तर प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात हा प्रकार आता मंगलाचरणासारखा येतो. तो निरुपद्रवी अलंकार आहे असे मानून त्याकडे दुर्लक्ष करण्याचा शिष्टाचारही रूढ झाला आहे. वस्तुतः तो निरुपद्रवी नाही. समीक्षेत पुरावा कशाला म्हणायचे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

१

प्रारंभ एका घरच्या शब्दापासून करणे सोयीचे ठरेल. इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द मराठी 'मुंगूस'वरून गेला, अशी नोंद इंग्रजी कोश करतात. इंग्रजीत स्थिरावताना त्याचे शेपूट 'गूस' या पक्षिवाचक शब्दासारखे लिहिले जाऊ लागले. 'गूस'चे अनेकवचन 'गीस', म्हणून 'मंगूस'चे 'मंगीस' करण्याचा मोह इंग्रजी बोलणाऱ्यांनाही होतो; प्रमाण रूप मात्र 'मंगूसेस' असे आहे, कारण मुंगसाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. गंमत अशी की हा 'गूस' आणि संस्कृत 'हंस' ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाची रूपे आहेत. म्हणजे ज्या शब्दात हंस दिसतो त्यात तो नाही, आणि ज्या दोन शब्दांत डोळ्यांना वा कानांना साम्य दिसत नाही ते एका कुळातले आहेत.

हा अपवाद नव्हे. 'आइल' आणि 'आयलंड' हे दोन्ही इंग्रजी शब्द बेटाचे वाचक आहेत आणि त्यांचे लेखनही जुळते. परंतु पहिला लॅटिन 'इन्सुला'पासून फ्रेंचमार्गे आलेला आहे, तर दुसरा बेट या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाला भूमिवाचक शब्द जोडून झालेला आहे. दुसऱ्यातील अनुच्चारित 'एस' हा पहिल्याशी खोटे नाते कल्पून मागाहून घातलेला आहे. 'मेल' आणि 'फीमेल' ही जोडी तर जन्मजात वाटते. प्रत्यक्षात पहिला शब्द लॅटिन 'मास्कुलुस'चा वंशज आहे आणि दुसरा 'फेमेल्ला'चा. दुसऱ्याचे आजचे रूप पहिल्याच्या ओढीने घडले. 'अबॉमिनेबल' या शब्दाचे मूळ लॅटिन 'ओमेन', म्हणजे शकुन, यात आहे. अपशकुनी म्हणून दूर सारण्याजोगे ते 'अबॉमिनेबल'. मध्ययुगीन पंडितांनी त्यात 'होमो', म्हणजे मनुष्य, पाहिला आणि 'मनुष्यत्वाला सोडून असलेले' असा अर्थ लावून शब्दाच्या पोटात एक 'एच' घातला. १५९८ साली छापल्या गेलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकातील होलोफर्निस हा पंतोजी तो 'एच' न उच्चारणाऱ्यांवर संतापतो. शेक्सपिअरने हसे केले आहे ते त्या पंतोजीचे.

अर्न्स्ट फ्योर्स्टमान यांनी १८५२ साली या प्रक्रियेला 'लोकव्युत्पत्ती' ही संज्ञा दिली. होलोफर्निसचे उदाहरण पाहता ती लोकांवर थोडी अन्याय करणारी आहे. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा आधार देण्याची ओढ निरक्षराला जितकी असते तितकीच पंडितालाही असते. फरक एवढाच की निरक्षर मनुष्य त्यावरून सिद्धान्त काढीत नाही.

उलट दिशेची उदाहरणेही तितकीच बोलकी आहेत. 'बदनाम', 'बदफैली' या मराठीत रुळलेल्या शब्दांतील फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा नाद जुळतो, अर्थही जुळतो. तरीही त्यांचे नाते नाही, जुळणी निव्वळ योगायोगाची आहे. इंग्रजी 'व्हील' आणि संस्कृत 'चक्र' यांत एकही ध्वनी सारखा वाटत नाही. ते मात्र सगोत्र आहेत. 'ग्लॅमर' आणि 'ग्रॅमर' हे शब्द परस्परांपासून कोसभर दूर वाटतात, पण पहिला हा दुसऱ्याचेच स्कॉटलंडमध्ये बदललेले रूप आहे. व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे गूढविद्या, गूढविद्या म्हणजे मोहिनी, असा तो प्रवास आहे. तात्पर्य, ध्वनिसाम्य हा नात्याचा पुरावा नाही आणि ध्वनिसाम्याचा अभाव हा नाते नसल्याचाही पुरावा नाही. नाते सिद्ध होते ते नियमित ध्वनिपरिवर्तनाने आणि लिखित नोंदींनी. समीक्षकाचा कान येथे साक्षीदार म्हणून अपात्र ठरतो.

२

या पार्श्वभूमीवर आधुनिक समीक्षेतील एक प्रतिष्ठित उदाहरण तपासले पाहिजे. जे. हिलिस मिलर यांचा 'द क्रिटिक ॲज होस्ट' हा निबंध १९७७ साली 'क्रिटिकल इन्क्वायरी'त प्रसिद्ध झाला. विरचनात्मक वाचन हे सरळ वाचनावर पोसलेले परोपजीवी वाचन आहे, या वेन बूथ यांच्या आणि एम. एच. एब्रम्स यांनी उद्धृत केलेल्या आक्षेपाला तो उत्तर देतो. मिलर 'पॅरासाइट' आणि 'होस्ट' या दोन शब्दांची उकल करतात. 'पॅरासाइट' म्हणजे मुळात अन्नाशेजारी बसलेला, सहभोजी. 'होस्ट' म्हणजे यजमान. पण त्याच शब्दाच्या मुळाशी पाहुणाही आहे, परकाही आहे आणि शत्रूही आहे. ख्रिस्ती उपासनेतील प्रसादाच्या पोळीलाही 'होस्ट' म्हणतात, म्हणजे यजमान हा खाणारा आहे आणि खाद्यही आहे. यावरून यजमान आणि परोपजीवी हा भेद टिकत नाही, आणि म्हणून सरळ वाचन व विरचनात्मक वाचन हा भेदही टिकत नाही, अशी निबंधाची वाट आहे.

निबंध वाचनीय आहे यात शंका नाही. त्यातील काही माहिती पक्की आहे, हेही मान्य केले पाहिजे. इंग्रजी 'गेस्ट' आणि लॅटिन 'होस्टिस' हे खरोखर सगोत्र आहेत, आणि 'होस्टिस'चा जुना अर्थ परका असा होता. शत्रू हा अर्थ नंतरचा. पण इंग्रजीत 'होस्ट' हा एक शब्द नाही. ते एकच रूप धारण केलेले तीन शब्द आहेत. यजमानवाचक 'होस्ट' लॅटिन 'होस्पेस'वरून आला, सैन्यवाचक 'होस्ट' 'होस्टिस'वरून आणि प्रसादवाचक 'होस्ट' 'होस्टिआ', म्हणजे बळीचा पशू, यावरून. पहिल्या दोघांचे दूरचे नाते मान्य आहे. तिसऱ्याचे त्यांच्याशी असलेले नाते निर्विवाद नाही. म्हणजे यजमान स्वतःच अन्न होतो हे निबंधातील सर्वांत चमकदार वळण शब्दाच्या सर्वांत दुबळ्या जागी उभे आहे.

या आक्षेपावरचे उत्तर ठरलेले आहे. मिलर भाषाशास्त्र लिहीत नाहीत, ते भाषेतील क्रीडा दाखवतात, ध्वनिसाम्यामुळे मनात उमटणारे पडसाद हेही अर्थाचेच अंग आहे, असे ते उत्तर असते. या उत्तरात तथ्य आहे. कविता नादसाम्यावर जगते. श्लेष आणि यमक यांना कोशकाराची परवानगी लागत नाही. परंतु हे उत्तर स्वीकारले तर त्याची किंमतही चुकती केली पाहिजे. क्रीडा म्हणून जे मांडले त्यातून निष्कर्ष निघत नाही. एखाद्या कवीने 'होस्ट'च्या तीन अर्थांचा श्लेष साधला असेल तर तो त्या कवितेत दाखवून द्यावा. तो कवितेचा पुरावा होईल. कवीने तो साधलेला नसताना केवळ कोशात तीन नोंदी शेजारी आहेत म्हणून वाचनाचे स्वरूप अमुक आहे असे ठरवणे, हा कवितेचाही पुरावा नव्हे आणि वाचनाचाही नव्हे. प्रतिपादन करताना व्युत्पत्ती आणि हटकले की क्रीडा, ही सोय समीक्षेत कोणालाच असता कामा नये.

३

मराठीत या सवयीची दोन उदाहरणे विशेष प्रचलित आहेत. पहिले 'हिस्टरी'चे. हा शब्द 'हिज स्टोरी', म्हणजे 'त्याची गोष्ट', असा फोडून दाखवला जातो आणि इतिहासलेखन हे नामाभिधानापासूनच पुरुषी आहे असे प्रतिपादन केले जाते. १९७० च्या सुमारास अमेरिकन स्त्रीवादी चळवळीत 'हरस्टोरी' हा प्रतिशब्द घडला तो घोषणा म्हणून. घोषणा म्हणून तो प्रभावी आणि सर्वथैव न्याय्य होता. परंतु 'हिस्टरी' ग्रीक 'हिस्टोरिआ'वरून आलेला आहे. त्याच्या मुळाशी पाहणे-जाणणे या अर्थाचा धातू आहे, आणि संस्कृत 'विद्' हा त्याच धातूचा अवतार आहे. इंग्रजी 'हिज'शी त्याचे काही नाते नाही; 'वेद' या शब्दाशी आहे. मराठी अभ्यासक जेव्हा ती फोड सिद्धान्त म्हणून पुढे करतो तेव्हा तो स्त्रीवादाला बळ देत नाही. इतिहासग्रंथांत स्त्रिया का नाहीत, दफ्तरांत कोणाच्या नोंदी ठेवल्या गेल्या, कोणाच्या साक्षी ग्राह्य मानल्या गेल्या, या कष्टाच्या प्रश्नांची जागा एका शब्दाची चुकीची फोड घेते. उद्या कोणी ती चूक दाखवली की मूळचा खरा आरोपही तिच्याबरोबर कोसळतो.

दुसरे उदाहरण 'टेक्स्ट'चे. रोलाँ बार्थ यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी 'टेक्स्ट' म्हणजे विणकाम ही प्रतिमा पुढे आणली. लॅटिन 'टेक्सेरे', विणणे, आणि फ्रेंचमध्ये वस्त्रवाचक 'तिस्यू' हे दोन्ही शब्द त्यांच्या हाताशी होते. फ्रेंच वाचकाला ही प्रतिमा स्वतःच्या भाषेत ऐकू येते. मराठीने 'टेक्स्ट'साठी 'संहिता' हा शब्द स्वीकारला, आणि मग मराठी लेखांतून 'संहिता म्हणजे विणलेले वस्त्र' अशी वाक्ये येऊ लागली. 'संहिता' या शब्दात धागा नाही आणि मागही नाही. त्यात 'सम्' आणि 'धा' आहेत, एकत्र ठेवणे आहे. पाणिनीच्या व्याकरणात तर वर्णांच्या अत्यंत निकटतेला संहिता म्हटले आहे. वस्त्राची प्रतिमा सुचवायची असेल तर खुशाल सुचवावी, पण मग ती प्रतिमा आहे. शब्दाच्या स्वभावातून निघालेला निष्कर्ष नव्हे.

आणि व्युत्पत्तीच मानायची तर ती अर्ध्या वाटेवर का थांबवायची? लॅटिन 'टेक्सेरे'चा संस्कृतमधील सगोत्र धातू 'तक्ष्' आहे, म्हणजे तासणे, घडवणे. 'तक्षन्' म्हणजे सुतार. ग्रीकमध्येही या कुळातून सुतारवाचक शब्दच आला आहे, आणि खुद्द लॅटिनमध्ये 'टेक्सेरे' जहाज बांधण्यासाठीही वापरले गेले आहे. तेव्हा लॅटिनपाशी थांबणाऱ्याच्या मते साहित्यकृती ही विणकऱ्याचे वस्त्र ठरते, आणि आणखी एक पायरी उतरणाऱ्याच्या मते सुताराचे काम. पहिल्या प्रतिमेत कर्ता धाग्यांत हरवतो. दुसरीत कर्ता हातात वाकस घेऊन उभा राहतो. लेखकाचा अंत झाला की नाही हे जर एक पायरी वर किंवा खाली थांबण्यावर ठरत असेल, तर त्या निर्णयाला सिद्धान्त म्हणता येणार नाही.

४

या युक्तिवादाला छेद देण्यासाठी पश्चिमेकडून आणखी एखादा सिद्धान्त आणण्याची गरज नाही. मराठी विभागात ज्याचा परिचय बी.ए.लाच करून दिला जातो त्या शास्त्रात हा प्रश्न सोडवून ठेवलेला आहे.

यास्काच्या निरुक्तात शाकटायन आणि गार्ग्य यांचा वाद नोंदलेला आहे. सर्व नामे धातूंपासून निघतात हे शाकटायनाचे मत. गार्ग्याला ते सरसकट मान्य नाही. त्याचे आक्षेप आजही ताजे आहेत. वाट व्यापतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणायचे, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावे लागेल. टोचते म्हणून 'तृण', तर टोचणारे सर्वच तृण. पसरलेली म्हणून 'पृथिवी' म्हणायचे, तर तिला पसरले कोणी, आणि तो उभा कुठे राहिला? यास्काने निवाडा शाकटायनाच्या बाजूने दिला हे खरे आहे. परंतु त्याचे उत्तर लक्ष देऊन वाचण्याजोगे आहे. एकच क्रिया करणाऱ्या अनेकांपैकी काहींनाच त्या क्रियेवरून नाव मिळते, इतरांना मिळत नाही, असे तो म्हणतो, आणि उदाहरण देतो ते 'तक्षन्'चेच. तासणारा प्रत्येक जण तक्षन् नव्हे. म्हणजे व्युत्पत्तीचा पुरस्कर्ताही नाव कोणाला लागू पडेल हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारालाच देतो.

पुढच्या परंपरेने हा विवेक अधिक काटेकोर केला. यौगिक, रूढ आणि योगरूढ हे शब्दांचे भेद त्यातूनच आले. चिखलात जन्मणारे पुष्कळ असते, पण 'पंकज' म्हणजे कमळच, कारण रूढी योगापेक्षा बलवत्तर असते. मम्मटाने 'कुशल' या शब्दात रूढी-लक्षणा मानली. कुश गवत आणणारा हा त्याचा मुख्यार्थ आणि निपुण हा लक्ष्यार्थ. चौदाव्या शतकातील साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला. शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे आणि त्याच्या प्रवृत्तीचे, म्हणजे प्रत्यक्ष वापराचे, निमित्त वेगळे, असा त्याचा मुद्दा आहे. व्युत्पत्तीने मिळणारा अर्थच मुख्य मानला तर 'गाय झोपली आहे' या वाक्यातही लक्षणा मानण्याची पाळी येईल, कारण 'गो' शब्द गमनार्थक धातूपासून साधला जातो. व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त हा भेद हाताशी असलेल्या परंपरेतील समीक्षकांनी 'होस्ट' आणि 'टेक्स्ट' या शब्दांपुढे हात जोडून उभे राहावे, हे दैन्य अज्ञानातून आलेले नाही. अलंकारशास्त्र परीक्षेसाठी आणि सिद्धान्त लेखनासाठी, अशी जी वाटणी करून ठेवली आहे तिच्यातून ते आलेले आहे.

ज्यांच्या नावावर हे सारे चालते ते आचार्यही इतके निःशंक नव्हते. भाषेच्या समकालिक व्यवस्थेत शब्दाचा पूर्वेतिहास बोलणाऱ्याच्या लेखी असतच नाही, हे सोस्यूरचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. कमी सर्वश्रुत आहे ती त्याच्या वह्यांची हकीकत. लॅटिन काव्यात नावे ध्वनिरूपाने विखरून लपवलेली असतात अशा तर्काने त्याने १९०६ ते १९०९ या काळात वह्यांमागून वह्या भरल्या. पण ही जुळणी कवीने हेतुतः केली की ती संभाव्यतेच्या बळावर कुठेही सापडली असती, हे ठरवता येईना, म्हणून त्याने ते काम प्रसिद्ध न करता सोडून दिले. स्टारोबिन्स्की यांनी १९७१ साली त्या वह्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या शंकेने सोस्यूर थांबला, ती शंकाच त्याचे नाव घेणाऱ्यांना आता शिवत नाही. देरिदा यांचा 'व्हाइट मिथॉलॉजी' हा १९७१ चा निबंध अनातोल फ्रान्स यांच्या एका संवादापासून सुरू होतो. घासलेल्या नाण्यावरची मूळ मुद्रा शोधावी तसा तत्त्वज्ञानातील संज्ञांखालचा मूळ इंद्रियगोचर अर्थ शोधणारे एक पात्र त्या संवादात आहे. मूळ अर्थ हाच खरा अर्थ हे त्या पात्राचे गृहीतक देरिदा स्वीकारत नाहीत, तर तपासायला घेतात. ते स्वतः शब्दांशी खेळतात हे खरे. पण शब्दाचे मूळ हे सत्याचे आसन आहे असे मानणारा वाचक त्यांचा शिष्य म्हणवून घेऊ शकत नाही. फ्रेंच समीक्षक झाँ पोलाँ यांनी तर १९५३ साली व्युत्पत्तीच्या पुराव्यावरच एक पुस्तक लिहिले. 'एटिमॉलॉजी' या शब्दाच्या मुळाशी 'खरे' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. म्हणजे या शास्त्राचे नावच स्वतःची जाहिरात करते, हे त्यांनी ओळखले होते.

५

प्रश्न केवळ समीक्षकीय शिस्तीचा असता तर एवढा आग्रह धरण्याचे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्रात या पद्धतीचे दुसरे एक घराणे आहे. पु. ना. ओक (१९१७–२००७) यांनी 'ख्रिश्चॅनिटी' म्हणजे 'कृष्णनीती' आणि 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका' अशी समीकरणे मांडून साऱ्या जगाचा इतिहास एका संस्कृतीच्या खाती जमा केला. 'क्राइस्ट' हा शब्द अभिषिक्त या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि तो स्वतः एका हिब्रू पदवीचे भाषांतर आहे, ही माहिती कोणत्याही चांगल्या कोशात मिळते. विद्यापीठीय समीक्षक या समीकरणांना हसतो. पण तो कोणत्या अधिकाराने हसतो? 'हिस्टरी'त 'हिज' ऐकणारा कान आणि 'ख्रिश्चॅनिटी'त 'कृष्ण' ऐकणारा कान यांच्या पद्धतीत काडीचाही फरक नाही. हेतू वेगळे आहेत, राजकारण परस्परविरोधी आहे. पुरावा मात्र एकच. पुरोगामी निष्कर्षासाठी जो पुरावा चालवून घेतला, तो प्रतिगामी निष्कर्षासाठी नाकारण्याचा हक्क उरत नाही.

याउलट विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत. पण राजवाडे धातूपासून शब्दापर्यंतच्या पायऱ्या उघड मांडत. त्यामुळे ते कुठे चुकले हे दाखवता येते. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ (१९२०), कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) आणि टर्नर यांचा इंडो-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६२–६६) यांच्या साहाय्याने आजचा विद्यार्थीही ती तपासणी करू शकतो. ज्या विधानाची चूक दाखवता येते ते विधान शास्त्रात बसते. जे विधान चूक दाखवली की 'हा तर खेळ होता' म्हणून निसटते, त्याला शास्त्रात जागा नाही.

म्हणून व्युत्पत्तीचा आधार घेणाऱ्या प्रत्येक लेखाला, आणि प्रत्येक प्रबंधाला मौखिक परीक्षेत, तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सांगितलेले नाते ध्वनिनियमांनी आणि नोंदींनी सिद्ध आहे, की केवळ कानाला जाणवले आहे? ते सिद्ध असले तरी चर्चेतील लेखकाच्या किंवा वाचकाच्या व्यवहारात ते जिवंत होते काय, म्हणजे ते प्रवृत्तिनिमित्त आहे काय? आणि ते नाते काढून टाकले तर मूळ प्रतिपादन उभे राहते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर व्युत्पत्ती अनावश्यक होती, आणि 'नाही' असेल तर प्रतिपादनच अनावश्यक होते. दोन्ही परिस्थितींत समीक्षकाला शब्दाच्या पोटातून बाहेर पडून साहित्यकृतीकडे यावे लागेल. मुंगसात हंस शोधण्यात गेलेला वेळ मुंगूस पाहण्यात गेला असता, तर त्याच्याविषयी निदान काहीतरी कळले असते.